झिबेन्स नावाचं लढाऊ विमान

दादऱ्यातल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवता जेवता कीर्ती भालेरावनं मोबाइलवर एक लेख उघडला, आणि पुढे तिला जेवण गेलं नाही.

लेख कौस्तुभ आगाशेचा होता. परदेशातल्या एका विमानप्रेमी मंडळाच्या संकेतस्थळावर ठळक अक्षरांत त्याचं नाव होतं, शेजारी हसरा फोटो. विषय होता व्हिकर्स १६१. हे नाव ऐकलेली माणसं सगळ्या भारतात मिळून एका रिक्षात मावली असती. १९३१ सालचं हे ब्रिटिश लढाऊ विमान. त्याच्या नाकात एक तोफ तिरकी, वरच्या दिशेनं रोखलेली होती. शत्रूच्या बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली शिरायचं आणि खालून मारायचं अशी कल्पना. तोफ पुढे, म्हणून पंखा पायलटच्या पाठीमागे. एकच बनलं, थोडं उडालं, कुणी घेतलं नाही, आणि जग त्याला विसरलं.

दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत अशी कितीतरी विमानं झाली. कुणाला दोन इंजिनं एकामागे एक हवी होती, कुणाला शेपूटच नको होती. आखणाऱ्यांना वाटायचं, पुढचं युद्ध आपल्याच विमानानं जिंकलं जाणार. मग पैसे संपायचे, किंवा सरकार बदलायचं, किंवा पहिल्याच उड्डाणात इंजिन तापायचं. नाशिकला वाढलेल्या कीर्तीच्या घरावरून ओझरची विमानं घरघरत जायची. तेव्हापासून तिला विमानांचं वेड, आणि त्यातही जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्यांचं.

लेखातली आकृती तिनं बोटांनी मोठी करून पाहिली. डाव्या चाकाजवळची एक दांडी तुटक रेषेनं काढलेली होती.

मूळ फोटोत त्या जागी एका मेकॅनिकचा खांदा आड आला होता. दांडी कुठे जोडली होती ते दिसत नव्हतं. जे दिसत नाही ते ठाम काढायचं नाही, तिथे रेष तुटक ठेवायची, हा कीर्तीचा नियम होता. आणि ही आकृती तिनं गेल्याच महिन्यात, सामरवरणीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून काढली होती. कौस्तुभबरोबरची नोकरी सुटून तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

मग ही त्याच्याकडे पोचली कशी?

ताट तसंच सारून ती विचार करत बसली, आणि उत्तर सापडलं तेव्हा स्वतःचाच राग आला. तिची सगळी जुनी कामं जुन्या कंपनीच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये होती. नोकरी सुटताना ते कुणी बंद केलं नव्हतं. जुन्या आकृत्या तिथे, म्हणून नव्याही ती सवयीनं तिथेच ठेवत राहिली. आणि तो पलीकडून रोज डोकावत होता.

फोल्डर बंद करायला एक मिनिट लागलं असतं. तिनं अंगठा स्क्रीनवर नेला, आणि मागे घेतला.

हा माणूस कोण होता आणि त्यानं तिचं काय केलं होतं, ते सांगायला हवं. सिल्वासाजवळ मसाटच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या खेळण्यांची एक कंपनी आहे. कीर्ती तिथे मोल्ड डिझायनर, म्हणजे साचे आखणारी, होती आणि कौस्तुभ मार्केटिंगला. पुण्याचा, बोलका, कुणाच्याही खांद्यावर हात टाकून काम करून घेणारा. विसरल्या गेलेल्या लढाऊ विमानांची जोडायची मॉडेलं काढावीत, परदेशात त्यांचे वेडे आहेत, ही कल्पना कीर्तीची. ती मॅनेजर राजेंद्र दातारांच्या गळी उतरवली कौस्तुभनं. पहिल्या खोक्यावर दोघांची नावं छापली गेली. दुसऱ्यावर तिचं नाव बारीक झालं. तिसऱ्यावर फक्त 'संशोधन: कौस्तुभ आगाशे'. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "अगं, ब्रँडला एकच चेहरा लागतो."

हेही तिनं गिळलं असतं. पण मग फोक्करचं डी तेवीस आलं. हे १९३९ सालचं डच विमान. एक इंजिन पायलटच्या पुढे, एक मागे, आणि शेपूट दोन लांब दांड्यांवर पेललेली. दांड्यांमधलं अंतर चुकलंय हे कीर्तीच्या लक्षात आलं, तिनं दुरुस्त आकृती पाठवली, मोल्ड थांबवा म्हणून सांगितलं. कौस्तुभला जर्मनीतल्या प्रदर्शनाची तारीख गाठायची होती. त्यानं मोल्ड तसाच कापायला लावला. खोकी जगभर गेली आणि कुणाचीही शेपूट बसेना. तेव्हा त्यानं मंडळाच्या संकेतस्थळावर माफीपत्र टाकलं: आमच्या डिझायनर कीर्ती भालेराव यांच्या निष्काळजीपणामुळे ही चूक झाली, त्यांना कामावरून दूर करण्यात आलं आहे.

ती दातारांच्या केबिनमध्ये गेली होती. दातार वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना भांडणाचा कंटाळा होता.

"टीमवर्क आहे, कीर्ती," ते म्हणाले होते. "कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं."

"मग त्याचं द्या ना, सर."

"त्याला उद्या परत त्या लोकांसमोर उभं राहायचंय. तुला नाही."

हे वाक्य तिच्या पोटात काचेच्या तुकड्यासारखं राहिलं. त्या क्षेत्रात, जिथे नाव हीच कमाई, तिचं नाव निष्काळजीपणासाठी वापरलं जाऊ लागलं. मॉडेलचा एखादा भाग बसला नाही की परदेशातली पोरं लिहायची, 'याचं कीर्ती झालं.' तिनं हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. पुढे दादऱ्यातल्या एका कारखान्यात तिला तेलाच्या आणि फिनेलच्या बाटल्यांचे मोल्ड आखायचं काम मिळालं, आणि ती तिथे गप्प बसून राहिली.

आता तो तिच्या घरात डोकावत होता. ठीक आहे, कीर्तीनं ठरवलं. बघ म्हणावं. मी दाखवते तुला काय बघायचं ते.

त्या आठवड्यात तिनं एक विमान जन्माला घातलं.

देश निवडला लॅटव्हिया. बाल्टिक समुद्राकाठचा लहानसा देश, कागदपत्रं युद्धात गेलेली, भाषा येणारे थोडे. सालं १९३७-३८. एका बंदरातला न झालेला कारखाना, एक न जन्मलेला इंजिनिअर, आणि त्याचं एकुलतं एक लढाऊ विमान. नाव झिबेन्स, म्हणजे तिथल्या भाषेत वीज. पुढे चपट्या तोंडाचं गोल इंजिन, मागे निमुळतं होत गेलेलं अंग, कॉकपिटच्या खाली दोन्ही बाजूंनी आत दबलेली एक सुबक कंबर.

ते अंग तिला शोधावं लागलं नाही. ते तिच्या टेबलावरच उभं होतं. कारखान्यात त्या वेळी केसांच्या तेलाची एक नवी बाटली चालू होती, तिनंच आखलेली. बूड चपटं, खांदे गोल, मान निमुळती, आणि मधोमध तेलकट हातातून सटकू नये म्हणून पकडीसाठी दिलेला खळगा. कीर्तीनं बाटली आडवी केली. बूड म्हणजे इंजिन, मान म्हणजे शेपूट. पंख जोडले, चाकं दिली, सुकाणू लावलं. मॉडेलच्या मापाला बाटली तशीच्या तशी बसत होती. तिनं एक केसभरही बदल केला नाही.

शेवटी एका चाकाजवळची दांडी तिनं तुटक रेषेनं काढली. हे करताना हात जरा अडला. ही तिच्या खरेपणाची खूण होती, आणि ती आता एका खोट्याला लावायची होती. पण कौस्तुभ त्या खुणेवरच भाळणार हे तिला माहीत होतं. तिनं रेष पुरी केली, दोन-तीन बनावट टिपणं जोडली, आणि सगळं फोल्डरमध्ये ठेवून दिलं.

मासा गळाला लागायला महिनाही गेला नाही. 'बाल्टिकची हरवलेली वीज', कौस्तुभ आगाशे. लेखात त्यानं एक भर स्वतःची घातली होती. लॅटव्हियाच्या राजधानीत, रीगाच्या अभिलेखागारात, धुळीनं भरलेल्या एका कपाटात आपल्याला ही आकृती मिळाली, असं त्यानं लिहिलं होतं. कीर्तीला ठाऊक होतं की तो त्या वर्षी दमणच्या पलीकडे गेलेला नव्हता.

ती तेव्हाच बोलली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. लेख मागे घेतला गेला असता, तो ओशाळा झाला असता, आणि महिन्याभरात पुन्हा कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून उभा राहिला असता. तिला तेवढं नको होतं. त्याला उंच चढलेलं तिला बघायचं होतं. पडणाऱ्याला जमीन लांब असावी, एवढीच तिची इच्छा होती.

म्हणून ती थांबली, आणि तो चढत गेला. मंडळानं त्याला वर्षाचा संशोधक म्हणून गौरवलं. कंपनीनं झिबेन्सचं मॉडेल काढायचं ठरवलं, सोबत रंगीत पुस्तिका. मसाटच्या मशीनवर तेलाची बाटली विमान होऊन पडू लागली.

मधल्या काळात भलतंच काहीतरी सुरू झालं होतं. झिबेन्सला नातेवाईक फुटायला लागले. कॅनडातल्या एका म्हाताऱ्यानं लिहिलं की आपल्या आजोबांनी तरुणपणी असं विमान बंदरावरून जाताना पाहिलं होतं. कुणीतरी एक धूसर फोटो टाकला, ढगात एक ठिपका, आणि शंभर जणांनी त्यात कंबर ओळखली. एका ऑनलाइन विश्वकोशात नोंद आली. कीर्ती आधी हे वाचून एकटीच हसली. मग एक दिवस तिनं पाहिलं, एका खऱ्या लॅटव्हियन विमानाच्या नोंदीत कुणी लिहून ठेवलं होतं की त्याची कल्पना झिबेन्सवरून घेतली असावी. खरं विमान, खऱ्या माणसांनी खपून केलेलं, आणि ते आता तिच्या तेलाच्या बाटलीची नक्कल ठरत होतं.

त्या दिवशी तिला हसू आलं नाही. सगळं थांबवावं असं मनात येऊन गेलं. पण कौस्तुभचा फोटो पुन्हा समोर आला, हातात सन्मानचिन्ह धरलेला, आणि ती म्हणाली, अजून थोडं.

झिबेन्सच्या प्रकाशनाचा कार्यक्रम सिल्वासातल्याच एका हॉटेलात ठरला. ही बातमी तिला बायडाबाईंनी दिली. बायडाबाई तिच्याच मजल्यावर राहायच्या. शहाद्याकडच्या, नवरा दमणगंगेपलीकडे एका सूतगिरणीत, आणि त्या स्वतः जुन्या कंपनीत पॅकिंगला. कीर्तीची नोकरी गेली तेव्हा कंपनीतून तिच्या दारी आलेलं एकमेव माणूस म्हणजे बायडाबाई. मेथीची भाजी आणि भाकरी घेऊन आल्या होत्या आणि काहीही न विचारता बसून राहिल्या होत्या.

"मोठा कार्यक्रम करू राह्यले ताई," बायडाबाई म्हणाल्या. "पॅकिंगवाल्या समद्या बायांना बोलावलं. घरचं एक माणूस आणलं तरी चालेल म्हणे. यांची तर गिरणीत पाळी आहे त्या दिवशी."

"मी येऊ तुमच्याबरोबर?"

बायडाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला बरं वाटेल का पण तिथं?"

"मॉडेल बघायचंय मला. एकदाच."

"चला मग. तुम्ही काय परक्या आहात?"

त्या रविवारी सकाळी कीर्ती एक जड पिशवी घेऊन निघाली. रिक्षात बायडाबाईंनी पिशवी आपल्या मांडीवर घेतली. आत तेलाच्या रिकाम्या बाटल्या होत्या, दादऱ्याच्या कारखान्यातल्या, लेबल न लावलेल्या. "कंपनीच्या नमुन्याच्या आहेत," कीर्ती म्हणाली. "वाटायच्यात." बायडाबाईंनी मान डोलावली. खोटं काही सांगितलं नव्हतं, पण कीर्तीनं रिक्षाबाहेर पाहत राहणं पसंत केलं.

दारावरच्या सुपरवायझरनं कीर्तीला पाहून भुवई उंचावली. बायडाबाई पुढे झाल्या. "माझ्या घरच्या आहेत ह्या," त्या म्हणाल्या, आणि दोघी आत गेल्या.

हॉल भरलेला होता. वितरक, दमणच्या एका कॉलेजची मुलं, कंपनीचे कामगार. समोर पडद्यावर परदेशातल्या मंडळाचे लोक ऑनलाइन जोडलेले. प्रत्येक खुर्चीवर एक पुस्तिका ठेवली होती. तिच्या मधल्या पानावर झिबेन्सची बाजूनं काढलेली आकृती होती, मॉडेलच्याच मापाची. हे कीर्तीला बायडाबाईंनी आणलेल्या पुस्तिकेच्या नमुन्यावरून आधीच कळलं होतं. त्याशिवाय ती आलीच नसती.

कौस्तुभ छान बोलला. तो नेहमीच छान बोलायचा. रीगातली थंडी सांगितली, धूळ सांगितली, कपाट उघडल्यावर अंगावर आलेला काटा सांगितला. मग पडद्यावर झिबेन्सची कंबर मोठी करून दाखवली.

"हा खळगा पाहा," तो म्हणाला. "हवेचा प्रवाह पंखाखालून मोकळा जावा म्हणून दिलेला. त्या काळात कुणाला हे सुचलं नव्हतं. एका अज्ञात माणसाची ही प्रतिभा आहे."

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतले दातारही टाळ्या वाजवत होते. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा कीर्ती उठली.

कौस्तुभनं तिला ओळखलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त मान किंचित आखडली.

"प्रश्न नाही माझा," कीर्ती म्हणाली. "एक वस्तू आहे, ती सगळ्यांनी हातात घेऊन बघावी. बायडाबाई, मागच्या रांगांना द्याल का?"

पिशवी उघडली आणि बाटल्या रांगांमधून फिरू लागल्या. लोक गोंधळून घेत होते. दातार मागे वळून म्हणाले, "कीर्ती, हे काय आहे?"

"केसांच्या तेलाची बाटली आहे, सर. दादऱ्याला बनते. आकार माझा आहे. पुस्तिकेचं मधलं पान उघडा आणि बाटली त्या विमानावर आडवी ठेवा. बूड इंजिनाकडे."

काही क्षण फक्त पानांचा आवाज झाला. मग कॉलेजच्या मुलांमधून एकजण हसला. त्याच्या शेजारचा हसला. बाटली आकृतीवर पडत होती आणि रेष न् रेष झाकली जात होती. खांद्याला खांदा, कंबरेला कंबर.

"ज्याला प्रतिभा म्हणालास ना," कीर्ती कौस्तुभला म्हणाली, "ती पकड आहे. हात तेलकट असला तरी बाटली सटकू नये म्हणून."

तिनं मग तेच इंग्रजीत, पडद्याकडे पाहून सांगितलं. झिबेन्स नावाचं विमान कधीच नव्हतं. ते मी काढलं, माझ्या फोल्डरमध्ये ठेवलं, आणि यांनी ते तिथून उचललं. आधीची सगळी विमानंही तिथूनच उचलली. फरक एवढाच की ती खरी होती. रीगात यांना काय मिळालं ते यांनाच विचारा.

पडद्यावरच्या एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थानं खरोखरच विचारलं. कोणतं अभिलेखागार, कोणती तारीख. कौस्तुभनं तोंड उघडलं. त्याची बोलण्याची कला त्याला त्या वेळी सोडून गेली. तो कीर्तीकडे बघत होता, आणि कीर्ती त्याच्याकडे. अडीच-तीन वर्षं तिनं या चेहऱ्याची वाट पाहिली होती. तिनं नजर काढली नाही. शेवटी त्यानंच माइक टेबलावर ठेवला, तो गडगडत खाली पडला, आणि कौस्तुभ बाजूच्या दारानं निघून गेला.

दातारांनी तिला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता.

"माझ्याकडे यायचं होतंस."

"आले होते, सर. तुम्ही टीमवर्क म्हणालात."

दातारांनी हॉलच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "एवढी खोकी आता कुठे घालू?" आणि आत गेले.

हिशेब चुकता व्हायला वेळ लागला नाही. कौस्तुभची नोकरी त्याच आठवड्यात गेली. मंडळानं त्याचा सन्मान काढून घेतला, त्याचे लेख उतरवले. पण त्याच पत्रकात पुढे कीर्तीचंही नाव होतं. ज्या व्यक्तीनं जाणूनबुजून बनावट विमान रचलं आणि वर्षभर ते इतिहासात मुरू दिलं, तिच्या कोणत्याही आकृतीवर यापुढे विसंबता येणार नाही, विशेषतः तुटक रेषांवर. व्हिकर्स गेलं, फोक्कर गेलं, पोलंडचं विल्क नावाचं विमान गेलं, सगळं बारा वर्षांचं काम गेलं. विश्वकोशातली झिबेन्सची नोंद तिनं स्वतः काढायचा प्रयत्न केला. कुणीतरी ती परत लावली. कॅनडातला म्हातारा अजूनही म्हणत होता की आजोबा खोटं बोलणारे नव्हते.

हे सगळं तिनं आधीच धरलं होतं. रात्र रात्र विचार करून, किंमत ठरवून ती त्या हॉलमध्ये गेली होती. एक गोष्ट मात्र तिनं धरली नव्हती, किंवा धरायची टाळली होती.

बायडाबाईंना दुसऱ्याच दिवशी गेटवर थांबवलं गेलं. सुपरवायझर म्हणाला, त्यांना आत तुम्ही आणलं, आणि बाटल्या कशाला आणल्या ते माहीत नव्हतं म्हणालात तरी वाटल्यात तुम्हीच ना. विमानांची लाइनच बंद झाली, त्यामुळे बाकीच्या बायकाही घरी बसल्या. पण त्यांना पुढे खेळण्यांच्या दुसऱ्या लाइनवर बोलावणार होते. बायडाबाईंना नाही.

कीर्ती त्यांच्या दारात गेली. बायडाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"मी आमच्या कारखान्यात बोलते," कीर्ती म्हणाली. "पॅकिंगला जागा आहे."

"नको ताई. रांध्याला एका कंपनीत बोलणं करून आली मी."

"रांधा लांब पडेल तुम्हाला."

"पडू दे." त्यांनी ताटातला एक खडा बाजूला काढला. "तुम्ही सांगितलं असतं ना, ह्या बाटल्यांनी त्या माणसाचं तोंड फोडायचंय, तर मी तरीबी आली असती. मीच वाटल्या असत्या. तुमच्यावर काय गुजरलं ते मी पाह्यलं होतं. पण तुम्ही सांगितलं नाही. त्यानं तुमचं नाव वापरलं, तुम्ही माझं वापरलं. दारावर मी काय म्हटलं, माझ्या घरच्या आहेत ह्या."

कीर्ती दारातूनच आपल्या घरी परतली. त्यानंतर बायडाबाई जिन्यात भेटल्या की बोलायच्या, पाणी आलं का, लाइट कधी गेली, एवढंच.

पावसाळा सरला. एका दुपारी कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर कीर्ती चहा घेत होती, आणि समोर कौस्तुभ येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्ट इस्त्रीचा नाही. त्यानं तिच्या समोरच्या बाकावर बसायची परवानगी मागितली नाही, पण बसलाही नाही.

"पुण्यात एक नोकरी आहे," तो म्हणाला. "दोन फेऱ्या झाल्या. मग त्यांनी माझं नाव इंटरनेटवर शोधलं."

कीर्ती चहा पीत राहिली.

"तू एक ओळ लिहिलीस तरी पुरे. की तो विनोद होता, आपल्या दोघांमधला. तुलाही फायदा आहे त्यात. तुझंही नाव गेलंच आहे."

"माझं आधीच गेलं होतं. तू घालवलंस. मी फक्त तुझं त्याच्यामागे पाठवलं."

"कीर्ती, घरी मुलगी आहे माझी लहान."

"माफीपत्र लिहिलंस तेव्हा माझ्या घरी आई होती आजारी. तुला माहीत होतं. तूच डबा घेऊन आला होतास तिला बघायला."

टपरीवर कारखान्यातले सहा-सात जण चहा पीत उभे होते, क्रिकेटबद्दल बोलत. कौस्तुभ वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "ड्रॉइंग तुझी होती. सगळी. फोक्करची चूकही माझी होती. मला माहीत आहे ते. बस?"

इतकी वर्षं ती हे वाक्य ऐकायला तरसली होती. आता ते आलं तर तिला वाटलं, हे असं कुजबुजत का येतंय.

"जरा मोठ्यानं म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"हेच. उभा आहेस तिथूनच, ही माणसं ऐकतील एवढ्या आवाजात. यांना विमानातलं ओ का ठो कळत नाही, तुला ओळखतही नाहीत. मोठ्यानं म्हण, मी आजच ओळ लिहिते."

कौस्तुभनं त्या माणसांकडे पाहिलं. एकानं सहज वळून याच्याकडे बघितलं आणि पुन्हा मित्रांशी बोलू लागला. कौस्तुभचे ओठ हलले. त्यानं घसा साफ केला. मग तो म्हणाला, "तू फार बदललीस," आणि रस्ता ओलांडून गाडीकडे गेला.

कीर्तीनं त्याला हाक मारली नाही. गाडी वापीच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. बरं वाटलं का, असं कुणी विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, आणि ते खोटं नसतं. मग बायडाबाईंची आठवण झाली, रांध्याहून त्या सुटून यायला संध्याकाळ होते याची, आणि तिनं टपरीवाल्याला कप परत दिला.

आत भोंगा झाला. टूलरूममध्ये फिनेलच्या नव्या बाटलीचा मोल्ड यायचा होता आणि तिच्या झाकणाचे आटे अजून बसत नव्हते. ती गेटमधून आत गेली.